हृदयाचा ठेका चुकतो तेव्हा

लखनौमधील जानेवारीची पहाट. गोमतीच्या उत्तरेस, सीतापूर मार्ग आणि कुर्सी मार्ग यांच्या दरम्यान वसलेल्या जानकीपुरमवर दाट धुके उतरले आहे. पुण्याहून बदलीवर आलेले पंचावन्न वर्षांचे एक बँक अधिकारी एकाएकी जागे होतात. छातीत विलक्षण धडधड सुरू झालेली असते आणि पाठोपाठ छाती आवळल्यासारखी दुखू लागते. पत्नी म्हणते, "अहो, दवाखान्यात जाऊ या." ते म्हणतात, "रात्री निमोना जरा जास्तच झाला. गॅसेस असतील. उजाडू तर दे." शेजारी ओवा आणि काळे मीठ आणून देतात. पाऊण तासाने धडधड अचानक थांबते, वेदनाही ओसरते. दहा वाजता दवाखान्यात काढलेला ईसीजी अगदी सर्वसाधारण येतो. ओव्याने गुण आला, असे समजून सारे निश्चिंत होतात.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी थोड्याफार फरकाने तो अनेक घरांत घडतो. यात चूक नेमकी कोठे झाली? ओवा घेतला, ही चूक नव्हे. चूक झाली ती वेळेची. जे घडत होते त्याचा पुरावा पहाटे उपलब्ध होता. दहा वाजता तो नाहीसा झाला होता. छातीतील वेदनेचे मूळ जेव्हा हृदयातील विद्युतवहनात असते, तेव्हा ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

हृदयातील वीजव्यवस्था

हृदयविकार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती चोंदलेली रक्तवाहिनी. हृदय हा पंप आहे आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या नळ्या तुंबल्या की झटका येतो, हे आता सर्वपरिचित आहे. परंतु कोणताही पंप चालण्यासाठी नळांबरोबर विजेचीही गरज असते. हृदयाची ही वीज बाहेरून येत नाही. ती हृदयातच निर्माण होते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, महाशिरेच्या मुखाजवळ, विशेष पेशींचा एक छोटा पुंजका असतो. विश्रांतीच्या अवस्थेत तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युतसंदेश सोडतो. हा संदेश वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरतो आणि वरच्या व खालच्या कप्प्यांच्या सीमेवरील दुसऱ्या केंद्राकडे येतो. तेथे तो सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका थबकतो. हा विलंब हेतुपूर्वक योजल्यासारखा आहे. वरच्या कप्प्यांतील रक्त खाली उतरण्यास तेवढा अवधी मिळतो. तेथून एका जुडग्यातून, पुढे डाव्या व उजव्या शाखांतून आणि शेवटी सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यातून संदेश खालच्या कप्प्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि ते एकदिलाने आकुंचन पावतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे घडते.

या मार्गाचा शोध उलट्या क्रमाने लागला, हे विशेष. शेवटचे तंतू यान पुर्किन्ये यांनी १८३९ मध्ये पाहिले. मधले जुडगे विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये वर्णिले. सीमेवरचे केंद्र जर्मनीत संशोधन करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी तरुण वैद्याने १९०६ मध्ये दाखवून दिले. संदेशाचा उगम मात्र १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांना सापडला. टोकाकडून निघालेले शास्त्र उगमापर्यंत पोहोचण्यास अडुसष्ट वर्षे लागली.

लखनौचे नाव मराठी रसिकांना लयीशी जोडलेले आठवेल. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि आज ते त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. संगीताच्या भाषेत सांगायचे, तर हृदयाचा ठेका तीन प्रकारे बिघडतो: लय एकदम चढते, मात्रा गळू लागतात, किंवा दोन वादक एकाच वेळी समेवर येत नाहीत. छातीतील वेदना या तिन्हींतून उद्भवू शकते.

वेदना का होते?

पहिला प्रकार अतिवेगाचा. काही व्यक्तींच्या हृदयात जन्मतःच विद्युतसंदेशासाठी एखादी जादा वाट असते. अशी एक अवस्था १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी वर्णिली. संदेश एका वाटेने खाली जातो, दुसऱ्या वाटेने परत वर येतो आणि गोल गोल फिरत राहतो. ठोके अचानक मिनिटाला १५० ते २२० पर्यंत चढतात आणि तितक्याच अचानक खाली येतात.

अशा वेळी छाती का दुखावी? हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळते ते प्रामुख्याने दोन ठोक्यांमधील विश्रांतीत. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो आणि त्यातील सुमारे ०.५ सेकंद विश्रांतीचा असतो. ठोके १८० झाले की संपूर्ण ठोक्यालाच जेमतेम एक तृतीयांश सेकंद उरतो आणि कपात होते ती मुख्यतः विश्रांतीत. काम वाढले आणि मिळकत घटली, अशी ही अवस्था. रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही हृदय तक्रार करते. त्या आधीच अरुंद असतील, तर तक्रार अधिक गंभीर असते.

दुसरा प्रकार गळणाऱ्या मात्रांचा. सीमेवरचे केंद्र किंवा त्याखालील जुडगे वयोमानाने झिजते आणि वरचे संदेश खाली पोहोचेनासे होतात. पूर्ण अडथळा आल्यास खालचे कप्पे स्वतःच्या मंद गतीने, मिनिटाला ३० ते ४० वेळा, कसेबसे चालतात. थकवा, धाप, चक्कर, छातीत जडपणा आणि कधी क्षणभर शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे होत. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशा रुग्णांची वर्णने केली. त्या झटक्यांना आजही त्या दोघांचे नाव आहे.

तिसरा प्रकार समेवर न येण्याचा. डाव्या शाखेत अडथळा आला की हृदयाची डावी बाजू थोडी उशिरा आकुंचन पावते. अनेकांना याची जाणीवही होत नाही. तथापि काही थोड्या रुग्णांमध्ये हा अडथळा सुरू होताच छातीत दुखू लागते आणि तो सुटताच वेदना त्याच क्षणी थांबते, असे वैद्यकीय साहित्यात नोंदविलेले आहे. अशा रुग्णांच्या रक्तवाहिन्या तपासणीत निर्दोष आढळतात. पूर्वी यांतील काहींना "मनाचे दुखणे" म्हणून परत पाठविले जात असे. वेदना मात्र खरी असते.

नळ की तारा? निर्णय घरी नको

एवढे वाचून कोणी म्हणेल, "माझ्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, म्हणजे हे विजेचेच दुखणे." असा निष्कर्ष धोक्याचा आहे. नळ आणि तारा हृदयात स्वतंत्र नाहीत. सीमेवरच्या केंद्राला दहापैकी जवळजवळ नऊ व्यक्तींमध्ये उजव्या रक्तवाहिनीतून रक्त मिळते. ती चोंदली, तर हृदयविकाराचा झटका आणि ठोक्यांचा अडथळा एकाच वेळी येतात. डाव्या शाखेचा नव्याने उद्भवलेला अडथळा हाही मोठ्या झटक्याचा परिणाम असू शकतो. शिवाय अशा अडथळ्यामुळे ईसीजीचा आकारच बदलतो आणि त्यामागे दडलेला झटका ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते.

मधुमेही, ज्येष्ठ नागरिक आणि स्त्रिया यांच्यात तर वेदना सौम्य असून धाप, घाम, मळमळ किंवा जबडा व पाठ दुखणे हीच मुख्य लक्षणे असू शकतात. तात्पर्य, नेमके कारण कोणते हा प्रश्न घरी सोडवावयाचा नाही. तो ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिनची काही तासांनी पुन्हा केलेली तपासणी आणि आवश्यक तर अँजिओग्राफी यांवर सोडावा.

आलेखाची वेळ

हृदयाची वीज कागदावर उतरविण्याचे श्रेय हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन यांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी घडविलेले यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य असल्याने १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातील हृदयाची स्पंदने टेलिफोनच्या तारेतून प्रयोगशाळेत आणली. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम हातात मावणारे यंत्र काही मिनिटांत करते आणि आलेख भ्रमणध्वनीवरून तज्ज्ञाकडे पोहोचू शकतो.

परंतु ईसीजीची एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. सर्वसाधारण ईसीजी केवळ दहा सेकंदांची नोंद करतो. विद्युतवहनातील दोष अनेकदा येतो आणि जातो. तो गेल्यानंतर काढलेला आलेख "आता सारे ठीक आहे" एवढेच सांगतो. "तेव्हाही ठीक होते" असे सांगत नाही. म्हणून वेदना किंवा धडधड चालू असतानाच आलेख निघणे याला सर्वाधिक मोल आहे. रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढला जावा, असा वैद्यकातील सर्वमान्य दंडक आहे.

जानकीपुरमच्या रहिवाशांसाठी याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा "लारी कार्डिओलॉजी" या नावाने परिचित हृदयरोग विभाग गोमती ओलांडून चौक परिसरात आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, रायबरेली मार्गावर. दोन्ही संस्था नामांकित आहेत. पण धुक्यात स्वतः गाडी चालवीत नामांकित संस्थेकडे निघण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजीची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात पहिला आलेख काढावा. पुढे कोठे जायचे, हे तो आलेखच ठरवील. महाराष्ट्रातही हाच क्रमांक लागू आहे.

ईसीजी निर्दोष येऊनही झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर बाळगण्याचे होल्टर यंत्र, त्वचेखाली बसवावयाचा सूक्ष्म नोंदक आणि हृदयातील वीजमार्गांची थेट तपासणी हे पर्याय उपलब्ध आहेत.

आम्लपित्ताच्या गोळीची कथा

जानकीपुरमच्या विस्तारित भागात, सीतापूर मार्गावर, केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे आवार आहे. १९५१ मध्ये सुरू झालेली ही संस्था अनेक दशके छत्तर मंझिल या राजवाड्यात होती. नव्या औषधांचा शोध घेणाऱ्यांना आज एक प्रश्न टाळता येत नाही: हे औषध हृदयाची वीज तर बिघडविणार नाही ना? या तपासणीविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये निश्चित झाली.

त्यामागे कटू अनुभव होते. सिसाप्राइड हे छातीतील जळजळीवर सर्रास दिले जाणारे औषध. काही रुग्णांत, विशेषतः अन्य काही औषधांबरोबर घेतल्यास, ते हृदयाच्या ठोक्यांत प्राणघातक बिघाड करते असे आढळून आले. २००० मध्ये अमेरिकेतील बाजारातून ते मागे घेण्यात आले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. "गॅसेस आहेत" असे समजून घेतलेली गोळीच हृदयाचा ठेका चुकवू शकते, हा यातील धडा. काही प्रतिजैविके, हिवतापावरील औषधे आणि मानसिक विकारांवरील औषधेही असा परिणाम घडवू शकतात. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. मात्र चालू औषध स्वतःहून बंद करू नये. पोटॅशियमची कमतरता किंवा आधिक्य, तसेच थायरॉइडचे विकार हीही ठोके बिघडण्याची कारणे असून साध्या रक्ततपासणीत ती कळतात.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत

या विकारांपैकी बहुतेकांवर आज परिणामकारक उपचार आहेत. जादा वाटेमुळे येणारा अतिवेग औषधाने थांबविता येतो; ती वाटच कायमची बंद करावयाची असल्यास मांडीच्या शिरेतून सूक्ष्म तार हृदयात नेऊन उष्णतेने ती निकामी करतात. योग्य रुग्णांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा हा उपाय यशस्वी होतो आणि छाती उघडावी लागत नाही.

ठोके मंदावले असल्यास पेसमेकर हा आधार. त्याचा पहिला मानकरी स्वीडनचा आर्ने लार्सन. त्याला दिवसातून अनेकदा शुद्ध हरपण्याचे झटके येत. त्याच्या पत्नीने डॉक्टरांचा पिच्छा पुरविल्यामुळे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचे यंत्र त्याच्या शरीरात बसविले. यंत्राचे भाग बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून ओतले होते. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढील काळात लार्सनला वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. पण तो २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला आणि त्याच्या मृत्यूचे कारण हृदय नव्हते.

मुंबईचा एक अनुभवही उल्लेखनीय आहे. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून कुटुंबीयांच्या संमतीने काढलेले आणि पुरेशी बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसविण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांत जंतुसंसर्गाची वा यंत्र बंद पडण्याची गंभीर अडचण आली नाही. काडेपेटीएवढ्या यंत्रात किती आयुष्य साठविलेले असते, हे यावरून दिसते. २०१७ पासून डाव्या शाखेलाच थेट संदेश देण्याची पद्धतही प्रचारात येऊ लागली असून दोन्ही बाजू पुन्हा एकत्र समेवर आणणे तिच्यामुळे शक्य झाले आहे.

जुना आलेख म्हणजे आरंभीची शिल्लक

बँकेच्या व्यवहारात आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल, तर आजच्या आकड्याला अर्थ राहत नाही. ईसीजीचेही तसेच आहे. डाव्या शाखेचा अडथळा दिसला, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "हा जुना की नवा?" जुना असल्यास घाई वेगळी, नवा असल्यास वेगळी. याचे उत्तर केवळ जुना आलेख देतो. चाळिशीनंतरच्या प्रत्येकाने आपला एक ईसीजी पासबुकाप्रमाणे जपून ठेवावा. काही यंत्रांच्या कागदावरील रेषा कालांतराने पुसट होतात, म्हणून त्याची छायाप्रत किंवा भ्रमणध्वनीवरील छायाचित्रही ठेवावे. बदलीवर जाताना ही फाइल सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता हातातील पिशवीत असावी. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी त्याचे ओळखपत्र सतत जवळ बाळगावे, भ्रमणध्वनी छातीवरील खिशात ठेवू नये आणि धातुशोधक चौकटीतून थांबून न राहता सरळ पुढे जावे.

शाखेतील कर्मचाऱ्यांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी येणारे निवृत्तिवेतनधारक रांगेत उभे असतात. कोणी छाती धरून बसले, तर पाणी आणि पंख्यावर न थांबता १०८ क्रमांक लावावा. कोणी कोसळले, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालू नाही असे दिसले, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे. अशा वेळी हृदयाची वीज पूर्णपणे विस्कळीत झालेली असते आणि विजेच्या धक्क्याचा उपचार मिळेपर्यंत हे दाबच मेंदूला रक्त पुरवितात.

जानकीपुरममधील त्या अधिकाऱ्यांकडे पुन्हा वळू या. त्यांना पुढचा झटका येईल, तेव्हा पत्नीने "अहो, दवाखान्यात जाऊ या" म्हणताच त्यांनी निघावे. ओवा परत आल्यावरही घेता येईल. आलेखात काही निघाले नाही, तर एक पहाट गेली इतकेच. आणि निघाले, तर ती पहाट पुढील अनेक वर्षांची कमाई ठरेल.